आधी टेप, मग बेसिन! अरुंद बाथरूममध्ये बेसिन आणि नळ बसवताना नेमकं काय मोजावं?

मंगळवेढा : तालुक्यातल्या एका वस्तीवरची गोष्ट. घरातल्या आजींनी सत्तरी ओलांडलेली. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी खाली बसायला मनाई केली. आता मोरीवर उकिडवं बसून तोंड धुणं बंद. मुलाने ठरवलं, बाथरूममध्ये बेसिन बसवून टाकू. तालुक्याच्या बाजारातून 22 इंच बाय 16 इंचाचं छानसं बेसिन आणलं. 18 इंच रुंद शहाबादी फरशीचा कट्टा केला, त्यात बेसिन बसवलं, खाली प्लायवूडचं कपाट, मागे चकचकीत नळ. काम एका दिवसात उरकलं.

दुसऱ्या दिवसापासून रडगाणं सुरू. बाथरूम चार फूट बाय पाच फूट. पाण्याची लाइन डाव्या भिंतीत, म्हणून बेसिनही डाव्या भिंतीला. दारही आत, डावीकडेच उघडणारं. ते कट्ट्याला अडून अर्धंच उघडू लागलं. नळाची दांडी मागच्या टाइल्सला टेकायची, त्यामुळे पाणी करंगळीएवढंच. आणि महिन्याभराने व्हायचं तेच झालं. कट्ट्याचा आधार घेऊन वळताना आजींचा तोल गेला आणि त्या दाराशीच खाली बसल्या. बाहेरून दार ढकलावं तर ते त्यांच्याच पायाला लागायचं. शेवटी सून खिडकीतून धीर देत राहिली आणि मुलाने फटीतून हात घालून बिजागरीचे स्क्रू काढले. हाड मोडलं नाही, एवढंच नशीब.

बेसिन चांगलं होतं, नळ चांगला होता, मिस्त्रीही कामाचा होता. चुकलं ते एकच. आधी खरेदी झाली आणि मोजमाप नंतर.

ही अडचण आत्ताच का वाढली?

गावाकडच्या न्हाणीघरात बेसिनला जागा ठेवायची पद्धतच नव्हती. पाणी हंड्या-कळशीने यायचं, आंघोळ बादलीने व्हायची, हात-तोंड अंगणातल्या दगडावर धुतलं जायचं. त्यामुळे बादली, पाट आणि एक माणूस मावला की न्हाणी झाली, असा हिशेब.

15 ऑगस्ट 2019 ला जल जीवन मिशन जाहीर झालं. माणशी दररोज 55 लिटर पाणी घरातल्या नळाने मिळावं, हे त्याचं उद्दिष्ट. जिथे नळ घरापर्यंत आला, तिथे बेसिनचा विचार आपसूक आला. दुसरीकडे, ग्रामीण घरकुलासाठी प्रधानमंत्री आवास योजनेत किमान 25 चौरस मीटर, म्हणजे साधारण 269 चौरस फूट जागा धरली आहे. त्यातच स्वयंपाकाची जागा आली. मग बाथरूमच्या वाट्याला चार बाय चार किंवा चार बाय पाच फूट येतं. एवढ्या जागेत बेसिन बसतं, नक्की बसतं. फक्त शहरातल्या दुकानात मांडलेला नमुना जसाच्या तसा उचलून आणला तर बसत नाही.

बेसिनपेक्षा आधी माणूस मोजा

बहुतेक जण भिंतीची रुंदी मोजतात आणि दुकानात जातात. रुंदी हे चारपैकी एकच माप झालं.

पहिलं माप रुंदीचं. ते एकाच ठिकाणी घेऊन भागत नाही. गावाकडच्या भिंती सगळ्याच गुण्यात नसतात. वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी टेप लावायची आणि त्यातलं सगळ्यात कमी माप धरायचं. टाइल्स अजून बसायच्या असतील तर टाइल आणि खालचा माल मिळून दोन्ही बाजूंनी जवळपास एक-एक इंच जातो. तोही आधीच वजा करावा.

दुसरं माप, बेसिन भिंतीपासून किती पुढे येतं याचं. अरुंद जागेत सगळा खेळ याच मापाचा आहे. बेसिन चार इंच जास्त रुंद असलं तरी फारसं बिघडत नाही, कारण ते भिंतीच्या लांबीने पसरतं. पण चार इंच जास्त पुढे आलं की ते माणसाच्या जागेत घुसतं.

तिसरं माप उभं राहायच्या जागेचं. बेसिनच्या पुढच्या कडेपासून समोरच्या भिंतीपर्यंत किंवा संडासाच्या भांड्यापर्यंत किमान 21 ते 24 इंच मोकळे हवेत. तोंड धुताना माणूस कमरेतून वाकतो आणि मागे सरकतो. तेवढी जागा नसेल तर पाठ भिंतीला घासते. बेसिनच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत 15 इंच मिळाले तर कोपर मोकळं राहतं. नुसतं हात धुण्याचं छोटं बेसिन असेल तर यापेक्षा कमी जागेतही चालून जातं.

चौथं माप दाराचं. दार पूर्ण उघडताना त्याची कड जमिनीवर जो अर्धगोल काढते, तो खडूने आखायचा. त्या रेषेच्या आत बेसिनचा कोपरा येता कामा नये. येत असेल तर बेसिनची जागा बदला, नाहीतर दार बाहेर उघडणारं करा. घरात म्हातारं माणूस असेल तर दार बाहेर उघडणारंच बरं. आत कोणी पडलं तर त्याच्या अंगावर दार ढकलावं लागत नाही. कडीही बाहेरून उघडता येईल अशी असावी.

एक बिनखर्चाची युक्ती आहे. बी-बियाण्याचा किंवा टीव्हीचा रिकामा खोका घ्यायचा. जे बेसिन घ्यायचं मनात आहे त्याच्या लांबी-रुंदीचा पुठ्ठा कापायचा आणि बसवायच्या उंचीवर एकाने भिंतीला धरून ठेवायचा. मग दार उघडून पाहायचं, बादली ठेवून पाहायची आणि ज्याच्यासाठी बेसिन बसवायचं आहे त्यालाच पुठ्ठ्यासमोर उभं करून वाकायला सांगायचं. दहा मिनिटांत चूक कळते. टाइल्स फोडून कळण्यापेक्षा हे केव्हाही स्वस्त.

कोणतं बेसिन कुठे?

भिंतीवर टांगायच्या चिनी मातीच्या बेसिनची काही ठरावीक मापं आहेत. 550 बाय 400 मिलिमीटर म्हणजे साधारण 22 बाय 16 इंच. 450 बाय 300 मिलिमीटर म्हणजे 18 बाय 12 इंच. कोपऱ्यात बसणारं बेसिनही मिळतं, त्याच्या दोन्ही बाजू भिंतीला लागतात आणि त्यातलं एक माप 400 बाय 400 मिलिमीटरचं आहे. चार बाय पाचच्या बाथरूमला 18 बाय 12 किंवा कोपऱ्याचं बेसिन, हेच दोन पर्याय शहाणपणाचे. मापं कंपनीगणिक थोडी इकडेतिकडे होतात, म्हणून खोक्यावरचा आकडा न वाचता प्रत्यक्ष टेप लावून घ्यावं.

कट्ट्यावर ठेवायचं वाडग्यासारखं बेसिन सध्या फार चालतं. दिसायला देखणं असतं, पण त्याची उंची पाच-सहा इंच असते हे विसरलं जातं. नेहमीच्या उंचीच्या कट्ट्यावर ते ठेवलं की कड छातीला येते. कोपरावरून पाणी ओघळतं आणि मुलांचा तर हातच पुरत नाही. बेसिनची वरची कड जमिनीपासून 31 ते 32 इंचांवर असावी. वाडग्याचं बेसिन असेल तर त्याची उंची यातून वजा करून कट्टा तेवढा खाली घ्यायचा. आणि ही उंची तयार फरशीपासून मोजायची, कच्च्या जमिनीपासून नव्हे.

भिंत कशाची आहे, हेही पाहावं लागतं. जुन्या माळवदाच्या घरात मातीच्या जाड भिंती असतात. तिथे टांगायचं बेसिन लावू नये. बोल्ट धरत नाहीत, माती भुसभुशीत होऊन बाहेर येते. अशा ठिकाणी पायाचं बेसिन किंवा लोखंडी स्टँड घ्यावा. विटांची पक्की भिंत असेल तर टांगायला हरकत नाही, पण बोल्ट विटेत खोल जायला हवेत. नुसत्या गिलाव्यात आणि टाइलमध्ये अडकलेला बोल्ट आज ना उद्या निघतो.

आणि कसंही बसवलं तरी बेसिन हा आधाराचा दांडा नाही. अंगाचा भार पडला की ते निखळतं किंवा फुटतं आणि चिनी मातीच्या तुकड्याला काचेसारखी धार असते. म्हाताऱ्या माणसासाठी शेजारच्या भिंतीत स्टीलचा दांडा वेगळा बसवावा, तोही विटेत खोल बोल्ट मारून.

नळ अडतो तो मागच्या दोन इंचांत

वस्तीवरच्या त्या घरात कट्टा 18 इंच आणि बेसिन 16 इंच. मागे उरले दोन इंच. नळाचा तळच साधारण दोन इंचांचा असतो. मग दांडी मागे फिरायला जागा कुठून येणार?

नळ निवडताना तीन गोष्टी पाहायच्या. दांडी कोणत्या दिशेने फिरते, ही पहिली. वर-मागे उचलायची दांडी असेल तर तिच्या मागे बोटं मावतील एवढी जागा लागते. बाजूला पाव फेरा फिरणारा नळ भिंतीजवळही चालतो. दुसरी गोष्ट, नळाचं तोंड किती पुढे येतं. पाणी बेसिनच्या जाळीच्या आसपास पडायला हवं. तोंड आखूड असेल तर हात धुताना बोटं मागच्या कडेला घासतात. फार लांब किंवा फार उंच असेल तर छोट्या बेसिनमधून पाणी उडून कपडे भिजतात आणि फरशी ओली राहते. घसरून पडायला ओली फरशी पुरते. तिसरी गोष्ट, नळाचं तोंड बेसिनच्या वरच्या कडेपेक्षा उंचच असावं. ते तुंबलेल्या पाण्यात बुडलं आणि त्याच वेळी लाइनचं पाणी गेलं, तर घाण पाणी उलटं नळात ओढलं जाऊ शकतं. नळाला रबरी पाइप लावून तो बेसिनमध्ये किंवा बादलीत बुडवून ठेवायची सवय याच कारणाने वाईट.

मागे जागा नसेल तर दोन मार्ग आहेत. नळ बेसिनच्या मागे न घेता कट्ट्याच्या डाव्या किंवा उजव्या कोपऱ्यात तिरका बसवायचा. छोट्या बेसिनमध्ये बऱ्याचदा कोपऱ्यातच नळाचं छिद्र दिलेलं असतं. दुसरा मार्ग म्हणजे भिंतीतून येणारा लांब तोंडाचा नळ. त्याने कट्ट्यावरची जागा पूर्ण वाचते. मात्र त्याची पाइपलाइन टाइल्स बसण्याआधी भिंतीत घ्यावी लागते आणि उंची तेव्हाच पक्की करावी लागते. टाइल्स झाल्यावर हा विचार सुचला तर उपयोग नाही.

पाण्याच्या दाबाचा मुद्दा दुकानात कोणी सांगत नाही. टाकीतल्या पाण्याची पातळी नळापेक्षा दहा फूट वर असेल तर दाब जेमतेम 0.3 बार मिळतो. 1 बारसाठी 34 फुटांच्या आसपास उंची लागते. एक मजली घराच्या स्लॅबवर ठेवलेल्या टाकीतून आठ-दहा फुटांचाच दाब येतो. गरम-गार एकत्र करणारे भारी मिक्सर जास्त दाबासाठी बनवलेले असले तर तिथे रडत-रडत वाहतात. एकाच पाण्याची लाइन असेल तर साधा पिलर कॉक उत्तम.

बोअरचं पाणी जड असेल तर नळाच्या तोंडाच्या जाळीत क्षार बसतात. धार वाकडी झाली की नळ बिघडला असं समजून लोक नवा आणतात. जाळी फिरवून काढायची, रात्रभर लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये ठेवायची आणि जुन्या टूथब्रशने घासायची. धार परत सरळ होते. घ्यायचा असेल तर पितळी नळ किंवा चांगल्या प्रतीचा पीटीएमटी प्लास्टिकचा नळ घ्यावा. वरून चमकणारा पण हाताला हलका लागणारा धातूचा नळ टाळावा.

खालचं कपाट : सामान ठेवायला की पाणी लपवायला?

बेसिनखाली कपाट केलं की साबण, ब्रश, फिनेलची बाटली सगळं आत जातं. अरुंद जागेत ते सोयीचंच. पण त्या कपाटात आधीच तीन पाहुणे असतात. बेसिनमधून खाली येणारं वेस्ट कपलिंग, त्याखालचा बॉटल ट्रॅप आणि भिंतीतला अँगल कॉक. त्यांची जागा सोडून उरेल ती आपली. म्हणून बेसिनखाली वरच्या बाजूला ड्रॉवर करू नये, तो ट्रॅपला अडतो. दोन उघडी दारं किंवा नुसता पडदा चालतो.

बॉटल ट्रॅप म्हणजे खाली बाटलीसारखा गोल भाग असलेली जोडणी. त्यात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि ते पाणी गटारीचा वास आणि झुरळं वर येऊ देत नाही. बरेच जण हा ट्रॅप वगळून लवचीक पाइप थेट भिंतीतल्या लाइनला जोडतात आणि मग बाथरूमला वास का येतो म्हणून विचारतात. तो पाइप बाथरूममधल्याच नहाणी ट्रॅपच्या जाळीवर सोडला असेल तर तिथलं साचलेलं पाणी वास अडवतं. नसेल तर बेसिनखाली ट्रॅप हवाच.

अँगल कॉक जमिनीपासून 20 ते 22 इंचांवर आणि ट्रॅपच्या बाजूला घ्यावा, मागे नको. रात्री-अपरात्री नळ तुटला तर कपाटात हात घालून तो बंद करता आला पाहिजे. त्यासाठी कपाटाची मागची फळी काढून टाकलेली बरी, किंवा तिला मोठी खिडकी पाडावी.

कपाट प्लायवूडचं असेल तर फुगतं. वस्तीवरच्या त्या घरातलं कपाटही फुगलं आणि त्याची दारं लागेनाशी झाली. पीव्हीसीचं कपाट घ्यावं आणि ते जमिनीला न टेकवता चार-सहा इंच वर ठेवावं. खालून खराटा फिरला पाहिजे. खाली अंधार आणि ओल राहिली की विंचू-झुरळाला आमंत्रणच.

कट्टा शहाबादी, कडप्पा किंवा ग्रॅनाइटचा असो, बेसिनसाठी छिद्र पाडल्यावर पुढच्या बाजूला किमान दोन-तीन इंचांची पट्टी शिल्लक राहायला हवी. त्यापेक्षा कमी ठेवली तर फरशी तिथेच तडकते. कट्ट्याची एक बाजू भिंतीत खाच घेऊन आणि दुसरी लोखंडी ब्रॅकेटवर टेकवावी. सिमेंटच्या चिकटपणावर कट्टा लोंबकळत ठेवू नये.

कामाचा क्रम उलटा करा

अडचणीच्या जागेत सगळ्यात उपयोगी पडते ती ही गोष्ट. बेसिन भिंतीला लावून झाल्यावर नळ बसवायला गेलं की मिस्त्रीला कपाटात डोकं घालून, वर बघत, पान्हा अर्धा-अर्धा फेरा फिरवावा लागतो. हात पुरत नाही, नट तिरका बसतो आणि गळती तिथूनच सुरू होते.

त्यापेक्षा बेसिन बाहेर अंगणात गोणपाटावर पालथं घालायचं. नळ, त्याखालचं रबरी वायसर, नट, खाली जाणारा जोड-पाइप आणि वेस्ट कपलिंग सगळं तिथेच, उजेडात, दोन्ही हातांनी बसवून घ्यायचं. नळ सरळ आहे ना, दांडी दोन्ही बाजूंना मोकळी फिरते ना, हे पाहूनच नट आवळायचा. मगच बेसिन उचलून जागेवर न्यायचं. आत गेल्यावर फक्त दोन जोड उरतात. एक अँगल कॉकचा, दुसरा ट्रॅपचा.

आवळण्याचंही एक तंत्र आहे. हाताने घट्ट होईल तेवढं करायचं आणि वर पान्ह्याने पाव फेरा. वायसर दबलं की काम झालं. जोर काढला तर वायसर फाटतं किंवा बेसिनलाच चीर जाते. ही चीर लगेच दिसत नाही, पुढे केव्हातरी पाणी झिरपायला लागल्यावर दिसते. अँगल कॉक भिंतीत बसवताना टेफ्लॉन टेप आट्यांवर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर कॉक फिरवताना ती सुटत जाते. जोड-पाइपला आत रबर असतं, तिथे टेपची गरज नाही.

बेसिन लेव्हलमध्ये आहे की नाही ते लेव्हलच्या नळीने पाहावं, नुसत्या नजरेवर जाऊ नये. टाइलची रेषा तिरकी असू शकते. वेस्टच्या पाइपला दर फुटाला पाव इंच उतार द्यायचा. त्याहून कमी दिला तर साबणाचा गाळ साचतो.

मग चाचणी. बेसिनच्या जाळीला बूच लावून ते काठोकाठ भरायचं आणि एकदम सोडायचं. नुसता नळ सोडून पाहिलं तर खालच्या जोडांवर भार येत नाही, भरलेलं बेसिन सोडलं की येतो. प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कोरडा तुकडा ठेवावा आणि रात्रभर तसाच राहू द्यावा. सकाळी कागद कोरडा असेल तरच कपाटाची दारं लावायची. कडेचं सिलिकॉन सगळ्यात शेवटी, भिंत पूर्ण कोरडी असताना भरायचं आणि एक दिवस तिथे पाणी लागू द्यायचं नाही. आधीच सिलिकॉन भरलं आणि मग गळती निघाली तर सगळं खरवडावं लागतं.

वापरलेलं पाणी कुठे सोडायचं?

बेसिन झालं, नळ झाला, आता त्याचं पाणी? जवळ आहे म्हणून अनेक ठिकाणी ते संडासाच्या खड्ड्यात सोडलं जातं. दोन शोषखड्ड्यांचा संडास असेल तर ही मोठी चूक ठरते. त्या खड्ड्यांची रचना फक्त मैला आणि तो वाहून नेणारं थोडं पाणी यांच्यासाठी असते. पाणी जमिनीत मुरावं आणि मैल्याचं खत व्हावं, असं ते गणित. आंघोळीचं आणि बेसिनचं पाणी त्यात गेलं की खड्डा ओला राहतो, लवकर भरतो आणि खताऐवजी चिखल उरतो.

बेसिनचं पाणी वेगळ्या शोषखड्ड्यात किंवा परसबागेत न्यावं. घरोघरी शोषखड्डे करून गटारं आणि डास कमी करण्याचं काम नांदेड जिल्ह्यातल्या गावांनी करून दाखवलं आहे. घराच्या पायापासून आणि पिण्याच्या पाण्याच्या विहिरी-बोअरपासून हा खड्डा लांब घ्यावा. काळ्या जमिनीत पाणी सावकाश मुरतं, तिथे केळी, अळू, कर्दळ अशा पाणी पिणाऱ्या झाडांच्या आळ्यात पाणी सोडणं जास्त सोपं. फिनेल किंवा अॅसिड टाकून बेसिन धुतलं असेल तर ते पाणी मात्र भाजीच्या वाफ्यात जाऊ देऊ नये.

शेवटी त्या घरात काय केलं?

कट्टा काढला. फुगलेलं कपाट चुलीत गेलं. 22 इंची बेसिन गोठ्याच्या भिंतीला टेकून उभं आहे, परत घेणार नाही म्हणून दुकानदाराने आधीच सांगितलं होतं. त्याच डाव्या भिंतीवर 18 बाय 12 इंचाचं बेसिन बसलं, नळ त्याच्या कोपऱ्यात, बाजूला फिरणारा. कट्टा भिंतीपासून 18 इंच पुढे येत होता, हे बेसिन 12 इंचच येतं. चार फुटांच्या न्हाणीत 30 इंचांच्या जागी 36 इंच मोकळे झाले. खाली उथळ पीव्हीसीचं कपाट, भिंतीलाच अडकवलेलं. शेजारी स्टीलचा दांडा. आणि दार आता बाहेर उघडतं.

या वेळी खरेदीला जाण्याआधी घरच्यांनी पुठ्ठा धरला होता आणि आजींनाच समोर उभं केलं होतं. त्यांनी दोन्ही हात पुढे करून ओंजळीने तोंड धुतल्यासारखं केलं आणि पुठ्ठा दोन बोटं खाली घ्यायला सांगितला. बेसिन तेवढंच खाली बसवलं आहे. सकाळी आता त्या कोणाला हाक न मारता जातात, दांडा धरून उभ्या राहतात आणि तोंड धुऊन स्वतःच बाहेर येतात.

खरेदीला जाण्याआधी हे लिहून न्या

- भिंतीची रुंदी, तीन ठिकाणची. त्यातली सगळ्यात कमी.
- भिंतीपासून जास्तीत जास्त किती पुढे आलेलं चालेल (समोर 21 ते 24 इंच सोडून).
- दार कुठे उघडतं आणि कुठपर्यंत येतं.
- पाण्याची लाइन आणि वेस्टची लाइन कुठे, किती उंचीवर.
- नळाच्या मागे किती जागा उरणार.
- टाकीची नळापासूनची उंची. पाणी बोअरचं की योजनेचं.
- घरातल्या ज्या माणसाला सगळ्यात जास्त अडचण आहे, त्याच्या सोयीची उंची.

शेवटचा आकडा दुकानातल्या कोणत्याही खोक्यावर छापलेला नसतो. तो घरीच घ्यावा लागतो.